कोस, मैल आणि घटका

दोन शहरांमधील अंतर किती, हा प्रश्न वरवर पाहतां इतका सोपा आहे कीं, शाळेंतील मुलगाही नकाशावर पट्टी ठेवून त्याचें उत्तर देईल. परंतु ज्यास खरोखर जावयाचें असतें त्याला हें उत्तर पुरत नाहीं. पट्टीनें मोजलेलें अंतर निराळें, वाटेनें चालावयाचें अंतर निराळें, आणि तेथें पोंचण्यास लागणारा वेळ तर त्याहून निराळा. पूर्व आफ्रिकेंतील मोंबासा आणि नैरोबी या दोन शहरांचें उदाहरण घ्या. सरळ रेषेनें तीं एकमेकांपासून सुमारें २७३ मैलांवर आहेत. जुन्या लोहमार्गानें तेंच अंतर सुमारें ३३० मैल भरतें. आणि आजच्या विमानांचें वेळापत्रक उघडलें तर उत्तर मैलांत मिळतच नाहीं, तें 'एक तास' असें मिळतें. हीं तिन्ही उत्तरें खरीं आहेत. मात्र तीं तीन निरनिराळ्या प्रश्नांचीं उत्तरें आहेत, आणि मनुष्यजातीनें हे तीन प्रश्न निरनिराळ्या काळीं विचारले आहेत.

आफ्रिकेंतील या दोन शहरांशीं मराठी वाचकाचा संबंध काय, अशी शंका येणें स्वाभाविक आहे. त्याचें उत्तर शोधण्यास फार दूर जावें लागत नाहीं. परभणी जिल्ह्यांत पूर्णा आणि नांदेड यांच्या दरम्यान चुडावा नांवाचें एक लहानसें गांव आहे आणि त्या गांवाला रेल्वेचें स्टेशन आहे. ज्या लोहमार्गावर तें वसलें आहे तो मनमाड-सिकंदराबाद मार्ग आणि मोंबासाहून नैरोबीवरून पुढें व्हिक्टोरिया सरोवराकडे जाणारा युगांडा रेल्वेचा मार्ग, हे दोन्ही एकाच काळांत, एकाच मापाच्या रुळांवर, जवळजवळ एकाच सालीं पुरे झाले. त्यांस जुळे भाऊ म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. एकाचा वृत्तांत वाचतांना दुसऱ्याचा अर्थ अधिक स्पष्ट होतो, म्हणून या दोघांचा विचार येथें एकत्र करावयाचा आहे.

रूळ येण्यापूर्वीं आपल्याकडे अंतर मोजण्याचें माप कोस हें होतें. अबुल फजलच्या 'आईन-इ-अकबरी'त एक कोस म्हणजे ५,००० इलाही गज असा हिशेब दिला आहे. इलाही गज सुमारें ३३ इंचांचा धरला तर हा कोस अडीच मैलांहून किंचित् मोठा होतो. पण हा झाला बादशाही कोस. रयतेचा कोस ठिकठिकाणीं निराळा असे. कोठें तो दीड मैलांचा, कोठें दोन मैलांचा, तर कोठें त्याहूनही लांब. आजचा सुशिक्षित मनुष्य यास अडाणीपणा म्हणेल. परंतु त्यांत एक व्यवहारी शहाणपणही होतें. चालणाऱ्याला वाट किती लांब आहे यापेक्षां ती किती दमविणार आहे हें कळावयास हवें असे. घाटांतला कोस आणि माळावरचा कोस पायांना सारखा वाटत नाहीं. मग तो जिभेवर तरी सारखा कां असावा?

कोसाच्या जोडीला मजल हें दुसरें माप होतें. मजल म्हणजे एका दिवसाची वाट. जेथें विहीर, झाड आणि मुक्कामाची सोय असेल तेथें ती संपावयाची. 'मजल दरमजल' हा शब्दप्रयोग आपल्या भाषेंत आजही जिवंत आहे, मजल मात्र नाहींशी झाली. सतराव्या शतकांतील फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निए यानें सुरतेहून गोवळकोंड्यास जाणाऱ्या मार्गाचें वर्णन केलें आहे, तें असेंच टप्प्याटप्प्यानें व कोसांत केलेलें आहे. त्या मार्गावर औरंगाबाद येतें, नांदेड येतें आणि त्यांच्यामधल्या गोदावरीच्या खोऱ्यांतून वाट जाते. रेल्वेच्या एंजिनियरांनीं सव्वादोनशें वर्षांनंतर जी दिशा पत्करली ती व्यापाऱ्यांच्या बैलांनीं आधींच पत्करलेली होती. पाणी, चारा आणि सपाटी या तीन गोष्टी जेथें मिळतात तेथूनच रस्ता जातो. मग त्यावरून चाक लाकडाचें जावो वा पोलादाचें जावो.

त्या काळीं बातमीचा वेग काय होता हें पानिपतच्या उदाहरणावरून दिसतें. ती लढाई १४ जानेवारी १७६१ रोजीं झाली. नानासाहेब पेशवे त्या वेळीं उत्तरेकडे निघाले होते. त्यांना त्या संहाराची पहिली खबर भेलशाच्या मुक्कामीं, सावकारी पत्रांतून, सुमारें दहा दिवसांनीं मिळाली. पानिपत आणि भेलसा यांमध्यें सरळ रेषेनें सुमारें ४०० मैलांचें अंतर आहे. म्हणजे सावकारी जासुदांच्या पायांनीं बातमी दिवसाला ४० मैल इतकी धांवली, आणि हा वेग त्या काळीं उत्तम गणला जात असे. पण त्या दहा दिवसांत पेशवे जी मदत घेऊन निघाले होते ती अशा सैन्यासाठीं होती कीं, जें आतां उरलेंच नव्हतें. अंतर हें केवळ भूगोलाचें प्रकरण नव्हे, तें राजकारणाचेंही आहे, हें याहून अधिक स्पष्ट करून सांगावयास नको.

'सरळ रेषेनें किती', हा प्रश्न आपल्या देशांत पद्धतशीरपणें प्रथम विचारला तो इंग्रज मोजणीदारांनीं. कर्नल लॅम्ब्टन यानें १८०२ सालीं मद्रासनजीक सेंट थॉमस माउंट येथें शंभर फुटी पोलादी सांखळीनें पायारेषा मोजली आणि तेथून त्रिकोणामागून त्रिकोण जोडीत तो उत्तरेकडे निघाला. त्याचा थिओडोलाइट हें कोन मोजण्याचें यंत्र अर्धा टन वजनाचें होतें. वीस वर्षे हें काम करून तो निजामाच्या मुलखांतून वऱ्हाडापर्यंत आला आणि नागपूरच्या वाटेवर हिंगणघाट येथें २० जानेवारी १८२३ रोजीं मरण पावला. त्याच्या हाताखालचा जॉर्ज एव्हरेस्ट यानें काम पुढें चालविलें. एव्हरेस्टनें १८३० सालीं जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यांत अक्षांश १८ अंश ३ मिनिटें ते २४ अंश ७ मिनिटें एवढ्या कमानीची मोजणी दिली आहे. चुडावा १९ अंशांच्या किंचित् वर आहे; म्हणजे ही कमान त्याच्याच अक्षांशावरून, पूर्वेकडे कांहीं मैलांवरून गेली. तेथील शेतकऱ्यांना टेकड्यांवरचे निशाणवाले आणि रात्रीं जळणारे दिवे पाहून काय वाटलें असेल तें असो; पण पृथ्वीचा आकार ज्या आंकड्यांवरून ठरला त्यांत या गोदातीरच्या मुलखाचाही वांटा आहे.

या मोजणीनें एक नवी गोष्ट शिकविली. पृथ्वी गोल असल्यामुळें तिच्यावरील सर्वांत जवळची वाट ही रेषा नसून कमान असते. नकाशाच्या सपाट कागदावर ती वांकडी दिसली तरी तीच खरी सरळ होय. आज विमानाच्या मार्गाचा हिशेब याच नियमानें होतो. म्हणजे वैमानिकाचें गणित लॅम्ब्टनच्या सांखळीपासून सुरू झालेलें आहे, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

आतां आपण त्या जुळ्या भावांकडे वळूं. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे या नांवानें बांधलेला मनमाड-सिकंदराबाद मार्ग १९०१ पर्यंत खुला झाला. त्याची लांबी ३९१ मैल. मनमाड आणि सिकंदराबाद यांमधील सरळ अंतर मात्र सुमारें ३३० मैलच आहे. मग वरचे साठ मैल कोठें गेले? ते औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड अशीं बाजाराचीं गांवें गांठण्यांत गेले, नद्यांना सोईच्या जागीं पूल घालण्यांत गेले आणि चढ टाळण्यांत गेले. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचें तर, हे साठ मैल वाया गेलेले नसून त्यांतच या मार्गाचा उपयोग सांठविलेला आहे. सरळ रेषा कोणाचेंही गांव पाहून जात नाहीं. लोहमार्ग वांकला म्हणूनच मराठवाड्यांतील बाजारपेठांना तो लाभला, आणि पूर्णा व नांदेड यांच्यामध्यें गाडीला थांबणें प्राप्त झालें म्हणूनच चुडाव्याचें नांव वेळापत्रकांत आलें.

युगांडा रेल्वेचें काम १८९६ सालीं मोंबासाच्या किनाऱ्यावर सुरू झालें. ३० मे १८९९ रोजीं रुळांचें टोंक नैरोबी येथें पोंचलें. त्या वेळीं तेथें शहर नव्हतें, दलदलीच्या कांठची एक मोकळी जागा होती. डिसेंबर १९०१ मध्यें मार्ग व्हिक्टोरिया सरोवरास भिडला. या मार्गाचे रूळही मीटरमापी, म्हणजे ३ फूट ३३⁄८ इंचांचे होते. यास कारण असें कीं, हिंदुस्थानांतील मीटरमापी रेल्वेचें सामान, एंजिनें आणि अनुभवी माणसें तेथें नेणें सोईचें होतें. हिंदुस्थानांतून ३१,९८३ मजूर त्या कामावर गेले. त्यांत बहुसंख्य पंजाबी होते. त्यांपैकीं २,४९३ जण तेथेंच मृत्युमुखीं पडले. त्सावो नदीच्या पुलावर १८९८ सालीं दोन सिंहांनीं जो कहर मांडला त्याची गोष्ट जगभर वाचली गेली. परंतु सिंहांनीं खाल्लेले मजूर काय ते काहीं डझन, बाकीचे तापानें, हगवणीनें आणि अपघातांनीं गेले, हें मात्र क्वचितच कोणी लक्षांत घेतो. रुळांची लांबी ५८० मैलांच्या आसपास आहे. त्या हिशेबानें दर मैलामागें चार माणसें पडलीं. अंतर मोजण्याचें हेंही एक माप आहे; फक्त तें कोणत्याही वेळापत्रकांत छापलें जात नाहीं.

हे दोन्ही मार्ग बांधले जात असतांना दोन्ही मुलखांत दुष्काळ पडलेला होता, हा योगायोग विचार करावयास लावणारा आहे. पूर्व आफ्रिकेच्या अंतर्भागांत १८९८-९९ च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. तर १८९९-१९०० चा दुष्काळ मराठवाड्याच्या जिल्ह्यांना भयंकर जाणवला. दुष्काळांत अंतराला जें रूप येतें तें सुकाळांत कळत नाहीं. सुकाळीं बैलगाडी दिवसाला १५ मैल जाते असें धरलें, तर मनमाडपासून सिकंदराबादपर्यंत ३९१ मैलांना २६ दिवस लागतील. पण दुष्काळांत वाटेवर कडबा मिळत नाहीं, विहिरी आटतात आणि बैल मरतात. तेव्हां तीच वाट २६ दिवसांची न राहतां मुळींच न संपणारी होते. मैल तेवढेच असतात. अंतर मात्र अनंत होतें. एका गांवीं कणगींत ज्वारी आहे आणि पन्नास मैलांवर माणसें पाला खात आहेत, असा प्रकार जुन्या दुष्काळांत घडे तो यामुळेंच.

एंजिनास कडबा लागत नाहीं. ताशीं २० मैलांचा सुमार धरला तरी गाडी ३९१ मैल २० तासांच्या आंत तोडते. १८८० च्या दुष्काळ-कमिशननें दुष्काळी मुलखांत लोहमार्ग वाढविण्याची शिफारस केली तिच्या मुळाशीं हाच विचार होता. तथापि या नाण्याला दुसरीही बाजू आहे. जी गाडी धान्य आणते तीच धान्य नेतेही. जेथें भाव अधिक तेथें दाणा धांवतो, आणि भुकेल्याजवळ पैसा नसेल तर तो त्याच्या दारावरूनच पुढें निघून जातो. दादाभाई नौरोजी आणि रमेशचंद्र दत्त यांनीं सरकारच्या आर्थिक धोरणावर जी टीका केली तिचा रोख असाच होता: रूळ वाढले म्हणून रयतेची क्रयशक्ति वाढत नाहीं. हा आक्षेप खोडून काढण्यासारखा नाहीं. पण त्यावरून रूळ नकोत असा निष्कर्षही निघत नाहीं. निष्कर्ष निघतो तो एवढाच कीं, दाणा आणि तोंड यांमध्यें दोन अंतरें असतात. एक मैलांचें, दुसरें पैशाचें. आणि रेल्वेनें त्यांपैकीं पहिलेंच तेवढें तोडलें.

रेल्वेनें आणखी एक गोष्ट बदलली, ती म्हणजे खुद्द काळ. पूर्वीं प्रत्येक गांवाची दुपार त्या गांवाच्या डोक्यावर होत असे. घटिकापात्र बुडालें कीं एक घटका, म्हणजे आजचीं चोवीस मिनिटें. साडेसात घटकांचा एक प्रहर. पण गाडीला प्रत्येक स्टेशनावर निराळी दुपार परवडत नाहीं. म्हणून हिंदुस्थानांतील रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालूं लागल्या, आणि पुढें १ जानेवारी १९०६ पासून ८२॥ अंश रेखांशाची प्रमाणवेळ आली. चुडाव्याचा रेखांश ७७ अंशांच्या किंचित् पलीकडे आहे. त्यामुळें तेथें सूर्य माथ्यावर येतो तेव्हां घड्याळांत बाराच्या पुढें सुमारें बावीस मिनिटें झालेलीं असतात. जवळजवळ एक घटका! चुडाव्याच्या शेतकऱ्यानें ही घटका कोणास दिली, असें विचारल्यास, ती त्यानें मुंबई, कलकत्ता आणि मद्रास यांच्याशीं एका घड्याळावर बोलतां यावें म्हणून दिली, असें उत्तर द्यावें लागेल. सौदा वाईट नव्हता. पण तो त्याला विचारून झालेला नव्हता.

लोहमार्गानें अंतर तोडलें तरी एका ठिकाणीं त्यानें नवें अंतर निर्माणही केलें. मनमाड येथें मुंबईचा रुंदमापी मार्ग ५ फूट ६ इंचांचा आणि निजामाच्या राज्यांतला मीटरमापी, असे दोन मार्ग भेटत. येथें प्रत्येक उतारूला गाडी बदलावी लागे आणि कापसाचें प्रत्येक गांठोडें हमालाच्या पाठीवरून एका डब्यांतून दुसऱ्या डब्यांत जाई. फलाटावरचीं तीं थोडीं पावलें नकाशावर दिसत नाहींत. पण मालाच्या दरांत आणि माणसाच्या मनांत तीं मोठीं होतीं. १९४८ सालच्या सप्टेंबरांत हैदराबाद संस्थान हिंदी संघराज्यांत आलें, १९५६ मध्यें मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला आणि १९६० मध्यें महाराष्ट्र राज्य झालें. सरहद्द गेली, परंतु रुळांची सरहद्द तशीच राहिली. मनमाडकडून रुंदीकरणाचें काम प्रत्यक्ष झालें तें १९९० नंतरच्या दशकांत. राजकीय अंतर पांच दिवसांच्या पोलीस कारवाईनें मिटलें. सवा दोन फुटांचें अंतर मिटण्यास चार दशकांहून अधिक काळ लागला.

विमानाचा प्रवेशही दोन्ही खंडांत एकदमच झाला. १९३२ सालीं इंपीरियल एअरवेजनें लंडनहून कैरो, खार्टुम, नैरोबी असें करीत केप टाउनपर्यंतची सेवा सुरू केली. कैरो आणि केप टाउन यांमधील सरळ अंतर सुमारें ४,५०० मैल आहे. पण त्या वेळचें विमान रात्रीं मुक्काम करी आणि तेल घेण्यासाठीं वारंवार उतरे. म्हणजे विमानालाही मजल दरमजलच जावें लागे! त्याच सालीं १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा यांनीं टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईपर्यंत उड्डाण केलें. पुढें १९४५ मध्यें निजाम सरकार आणि टाटा यांच्या भागीदारींत डेक्कन एअरवेज ही कंपनी हैदराबादेस निघाली. १९५३ मध्यें ती इतर कंपन्यांबरोबर इंडियन एअरलाइन्समध्यें विलीन झाली. तिचीं डाकोटा विमानें ताशीं १६० मैलांच्या सुमारास जात. या वेगानें मनमाड-सिकंदराबादचें सरळ अंतर दोन तासांचें होतें: बैलाचे २६ दिवस, आगगाडीचे २० तास आणि विमानाचे दोन.

परंतु विमानाच्या वेळेचा हिशेबही वाटतो तितका सरळ नाहीं. मोंबासा-नैरोबीचे २७३ मैल ताशीं ५०० मैलांच्या वेगानें गेलें तर तेहतीस मिनिटांचेच आहेत. मग वेळापत्रकांत एक तास कां? धांवपट्टीपर्यंत सरपटत जाण्यास, वर चढण्यास, उतरण्याची पाळी येईपर्यंत थांबण्यास आणि पुन्हा सरपटत यावयास उरलेला वेळ लागतो. जवळच्या प्रवासांत हा ठरीव वेळ फार भासतो, लांबच्या प्रवासांत तो लपून जातो. शिवाय वारा आहेच. उंचावर पश्चिमेकडून जोराचा वारा असला तर तेच विमान जातांना लवकर आणि येतांना उशिरा पोंचतें. आणि विमानतळापर्यंत जाणें, तेथें तपासणी होणें, यांचा वेळ तर कोणी धरीतच नाहीं. म्हणूनच मोंबासा आणि नैरोबी यांमध्यें २०१७ सालीं जी नवी रेल्वे सुरू झाली ती पांच तासांच्या आसपास वेळ घेत असूनही भरून जाते.

नांदेडासही श्री गुरु गोविंदसिंगजींच्या नांवाचा विमानतळ आहे. गुरुतागद्दीच्या त्रिशताब्दीच्या वेळीं, २००८ मध्यें, तो नव्या रूपानें खुला झाला. गुरुजी १७०८ सालीं बहादुरशहाच्या लष्कराबरोबर मजला करीत याच मुलखांत आले होते, हें येथें आठवल्यावांचून राहत नाहीं. या विमानतळावरील सेवा कधीं चालू तर कधीं बंद अशी होत आली आहे. आणि ती चालू असते तेव्हां नांदेड मुंबईपासून तास-दीड तासावर येतें. मात्र त्याच विमानाखालून जाणारा चुडावा मुंबईच्या तसूभरही जवळ येत नाहीं. विमान दोनच गांवांना जवळ आणतें. मधल्या सर्वांना तें होतें तेथेंच ठेवतें. बैलगाडीचा रस्ता प्रत्येक विहिरीला ओळखत होता, आगगाडी निदान स्टेशनांना ओळखते. विमान फक्त टोंकें ओळखतें.

यावरून विमानाला दोष देण्याचा हेतु नाहीं. आजाऱ्याला घेऊन जाणाऱ्यास तासाची किंमत काय हें दुसऱ्यानें सांगावयास नको. पण वेगाचा इतिहास लिहितांना आपण नेहमीं दोन टोंकांचाच इतिहास लिहितों, हें मात्र ध्यानांत ठेवावयास हवें. मोंबासा आणि नैरोबी यांमध्यें त्सावो आहे, जेथें माणसें मेलीं. मनमाड आणि सिकंदराबाद यांमध्यें चुडावा आहे, जेथें माणसें राहतात. कोणत्याही दोन शहरांमधील अंतर किती, असें पुढें कोणी विचारील तेव्हां मैल आणि तास यांबरोबर हेंही विचारावें कीं, वाटेंत गांवें किती आणि त्यांपैकीं किती गांवांना ही वाट आपली म्हणतां येते. खरें अंतर त्या उत्तरांत असतें.